जड पाण्याच्या घरात न्हाणी सारखी का तुंबते? आणि अ‍ॅसिडची बाटली त्यावर उपाय का नाही?

आंघोळ अर्धी झालेली असते आणि पाय राखाडी पाण्यात बुडालेले असतात. जाळीवर पाय घासला की पाणी थोडं उतरतं, पुन्हा थांबतं. गेल्याच महिन्यात प्लंबर येऊन गेला होता, पैसेही घेऊन गेला होता. मग मोबाइलवर शोधाशोध सुरू होते आणि एक रील सापडतं. बेकिंग सोडा टाका, वरून व्हिनेगर ओता, फेस आला की झालं काम! ते करून भागलं नाही तर कोपऱ्यावरच्या दुकानातली अ‍ॅसिडची बाटली आहेच.

तुमच्या घरी बोअरचं किंवा टँकरचं पाणी येत असेल, नळांवर पांढरे डाग पडत असतील, गिझर दर दोन वर्षांनी कुरकुरत असेल, तर हे सगळं तुमच्या ओळखीचं असेल. जड पाण्याच्या घरातला हा अडथळा बाकीच्या घरांतल्या अडथळ्यापेक्षा वेगळा असतो. तो कशाचा बनलाय हे कळलं की रीलमधला उपाय का फसतो ते कळतं. आणि अ‍ॅसिडने काम का बिघडतं, कधीकधी जीवावर का बेततं, तेही कळतं.

पाणी ‘जड’ म्हणजे नेमकं काय?

बोलताना आपण ‘जड पाणी’ किंवा ‘क्षाराचं पाणी’ म्हणतो. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात यालाच ‘दुष्फेन’ म्हटलंय. (त्या पुस्तकात ‘जड पाणी’ म्हणजे अणुभट्टीत वापरतात ते, त्याचा इथे काही संबंध नाही.) दुष्फेन हा शब्द फार नेमका आहे. ज्यात फेस नीट येत नाही ते पाणी दुष्फेन, आणि ज्यात भरपूर येतो ते सुफेन. पाण्याची सगळी तक्रार त्या एका शब्दात आली.

फेस न येण्याचं कारण पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. महाराष्ट्राचा बराचसा भाग बेसॉल्ट खडकावर, म्हणजे आपल्या काळ्या कातळावर वसलाय. पावसाचं पाणी मातीतून मुरताना तिथला कार्बन डायऑक्साइड घेतं, किंचित आम्लधर्मी होतं आणि खडकातलं व मातीतल्या चुनखडीतलं कॅल्शियम, मॅग्नेशियम विरघळवत खाली जातं. बोअर जितकी खोल, तितका पाण्याचा खडकाशी सहवास सहसा जास्त. मुंबईला तानसा, वैतरणा, भातसा अशा धरणांतून पाणी येतं. ते पावसाचं साठवलेलं पाणी असल्याने सुफेन असतं. म्हणून मुंबईचा माणूस मराठवाड्यात पाहुणा गेला की पहिल्याच आंघोळीला विचारतो, ‘साबण का येत नाहीये?’ पुण्यातही खडकवासल्याचं पाणी पिणारी जुनी पेठ आणि बोअर-टँकरवर चालणारी उपनगरातली नवी सोसायटी यांच्या बाथरूमच्या टाइल्स बघितल्या तरी फरक दिसतो.

भारतीय मानक ब्युरोच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात कठीणपणा दर लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा असं म्हटलंय. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावं अशी सवलत आहे. म्हणजे कागदावर ‘चालण्याजोगं’ पाणीसुद्धा तुमच्या पाइपांसाठी बऱ्यापैकी जड असू शकतं.

आणखी एक गल्लत नेहमी होते. खारट पाणी आणि जड पाणी एकच नव्हे. चवीला खारट लागणाऱ्या पाण्यात मुख्यतः सोडियमचे क्षार असतात, आणि सोडियम साबणाच्या वाटेला जात नाही. घरोघरी जे टीडीएस मीटर आलंय ते सगळ्या क्षारांची बेरीज सांगतं. त्यातला किती भाग कॅल्शियमचा, हे त्याला कळत नाही. त्याऐवजी पाण्याच्या दोन छोट्या बाटल्या घ्या. एकीत तुमचं वापराचं पाणी अर्धी बाटली, दुसरीत तेवढंच आरओचं किंवा पावसाचं. दोन्हींत साध्या साबणाच्या वडीचा सारखाच कीस टाका आणि हलवा. एकीत फेस टिकला आणि दुसरीत फेसाऐवजी दुधाळ पाणी आणि वर पांढरी कण्याकण्यांची साय आली, तर उत्तर मिळालं. भांड्याचं लिक्विड वापरून हा प्रयोग करू नका, ते जड पाण्यातही बऱ्यापैकी फेसतं. त्याचं कारण पुढे येईल.

ती पांढरी साय म्हणजेच तुमचा अडथळा

साबण म्हणजे तेल-चरबीतल्या आम्लांचं सोडियमशी झालेलं संयुग. ते पाण्यात विरघळतं. पण कॅल्शियम समोर आलं की ते सोडियमला बाजूला करून स्वतः त्याच्या जागी बसतं. तयार होतो कॅल्शियमचा साबण. तो पाण्यात विरघळत नाही, मळ काढत नाही आणि हाताला मेणासारखा चिकट लागतो. पाठ्यपुस्तकात त्याला ‘साका’ म्हणतात.

किती साका होतो? ३०० मिलिग्रॅम कठीणपणाचं पाणी घेऊ. रसायनशास्त्राच्या साध्या हिशोबाने त्यातल्या एका लिटरमधलं कॅल्शियम साधारण १.८ ग्रॅम साबण गिळू शकतं. १५ लिटरच्या बादलीला हा आकडा २७ ग्रॅम होतो. एका आंघोळीला आपण एवढा साबण कधीच लावत नाही. याचा अर्थ काय? पाण्यातलं कॅल्शियम कधी कमी पडत नाही, साबणच कमी पडतो. अंगाला लावलेला साबण धुताना जवळजवळ सगळाच साका होऊन जाळीतून खाली उतरतो. महिन्याभरात घरातल्या जितक्या वड्या संपतात, त्यांचा मोठा भाग मेण बनून तुमच्या पाइपातून गेलेला असतो. किंवा गेलेला नसतो!

नुसता साका पाण्याबरोबर बराचसा वाहून जाईलही. पण त्याला अडकायला केस मिळतात. केसांच्या गुंत्यावर साका बसतो, साक्यावर अंगाचं तेल आणि मळ, त्यावर कपड्यांचे धागे. तिकडे किचनच्या सिंकमध्ये तेल-तुपाचा थर असतो, त्यातल्या मोकळ्या स्निग्ध आम्लांनाही कॅल्शियम भेटतं आणि तिथेही तसलाच चिकट गोळा तयार होतो.

हेच मोठ्या प्रमाणावर झालं तर काय होतं ते लंडनने पाहिलंय. २०१७ मध्ये तिथल्या व्हाइटचॅपल भागातल्या गटारात जवळपास २५० मीटर लांब आणि १३० टन वजनाचा गोळा सापडला होता. ‘फॅटबर्ग’ नावाने त्याच्या बातम्या जगभर गेल्या, त्याचा एक तुकडा नंतर तिथल्या संग्रहालयातही ठेवला गेला. त्यात ओले टिश्यू आणि इतर कचरा होता. पण गटारात चरबीचे असे घट्ट गोळे का होतात याचा अभ्यास करणाऱ्यांना त्यांत आढळला तो मुख्यतः कॅल्शियमचा साबण. लंडनचं पाणीही चुनखडीच्या खडकातून येणारं, जडच आहे. तुमच्या न्हाणीतला राखाडी गोळा त्याचाच धाकटा भाऊ.

आता, नळाच्या तोंडावर, शॉवरच्या भोकांत आणि गिझरच्या कॉइलवर जमतो तो थर वेगळा. तो टणक असतो, चुन्याचा असतो. पाणी तापलं किंवा वाळलं की मागे राहतो. ड्रेनेजच्या पाइपात पाणी थंड आणि वाहतं असल्याने तिथे हा थर सहसा कमी आणि साका जास्त. ओळखायचं असेल तर जाळीखालचा थोडा थर खरवडून बशीत घ्या आणि त्यावर व्हिनेगरचे थेंब टाका. बुडबुडे आले तर चुना. काहीच झालं नाही आणि बोटाला चिकट लागलं तर साका. बहुतेकांच्या बशीत दुसरं उत्तर निघेल.

रीलमधला फेस

बेकिंग सोडा आम्लारीधर्मी, व्हिनेगर आम्लधर्मी. दोघं एकत्र आले की एकमेकांना संपवतात. उरतं काय? कार्बन डायऑक्साइड वायू, पाणी आणि सोडियम अ‍ॅसिटेट नावाचा एक निरुपद्रवी क्षार. फेस दिसतो तो वायूचा. तो उघड्या जाळीतून वर निघून जातो, पाइपात दाब वगैरे काही तयार होत नाही. केस, साका, तेल यांपैकी कशालाही हे मिश्रण विरघळवत नाही. त्यानंतर ओतलेल्या बादलीभर गरम पाण्याने थोडा फरक पडतो, आणि श्रेय फेसाला मिळतं.

व्हिनेगर एकटं मात्र उपयोगाचं आहे, पण ते टणक चुन्यासाठी. किराणा दुकानात मिळणारं लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिड, त्याहून स्वस्त पडतं आणि वासही नसतो. लिटरभर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे घालून त्यात नळाची जाळी किंवा शॉवरचं तोंड तासभर बुडवून ठेवा, मग जुन्या टूथब्रशने घासा. एक इशारा: ओटा कडप्प्याचा किंवा संगमरवरी असेल, फरशी शहाबादी किंवा कोटा असेल तर ही आम्लं त्यावर सांडू देऊ नका. हे सगळे दगड स्वतःच चुनखडीचे आहेत. लिंबानेसुद्धा त्यांची चकाकी जाते.

अ‍ॅसिड, कॉस्टिक आणि बंद बाथरूम

बाटलीतलं साधं अ‍ॅसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल. ते चुना झटपट विरघळवतं, त्यामुळे टाइल्स पांढऱ्याशुभ्र होतात आणि आपल्याला वाटतं की खाली पाइपातही असंच काही होत असेल. पण पाइपात साका आहे. अ‍ॅसिड साक्यातलं कॅल्शियम काढून घेतं, आणि मागे उरतं ते मेणासारखं स्निग्ध आम्ल. तेही पाण्यात विरघळत नाही. मेणबत्त्यांमध्ये जे स्टिअरिक आम्ल वापरतात, त्याच जातीचं ते असतं. केसांवर या अ‍ॅसिडचा फारसा परिणाम होत नाही. थोडक्यात, एक चिकट पदार्थ जाऊन दुसरा चिकट पदार्थ येतो आणि केसांचा गुंता जागच्या जागी राहतो. मधल्या मध्ये टाइल्सच्या सांध्यांतलं सिमेंट, स्टीलची जाळी, नळाचं क्रोम आणि जुन्या इमारतीत बिडाचे पाइप असतील तर तेही अ‍ॅसिड खातं. सांधा उघडा पडला की खालच्या मजल्यावरच्या छताला ओल धरते, आणि मग भांडण सोसायटीच्या मीटिंगमध्ये पोचतं.

दुसरा पर्याय कॉस्टिक सोड्याचा. ड्रेन क्लीनर म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच पावडरींमध्ये तोच असतो. केस आणि तेल यांवर तो खरंच काम करतो, हे मान्य करायला हवं. तेलाचं तो साबणात रूपांतर करतो आणि तो साबण पाण्याबरोबर वाहतो. पण जड पाण्याच्या घरात मेख इथेच आहे. त्यानंतर तुम्ही वरून बोअरचंच पाणी सोडता, त्यातलं कॅल्शियम या ताज्या साबणाला पकडतं आणि पुढच्या वळणावर पुन्हा साका बसू शकतो. न्हाणी मोकळी झाल्यासारखी वाटते आणि काही आठवड्यांनी अडथळा आणखी आत, हात न पोचणाऱ्या जागी तयार होतो. कॉस्टिक पाण्यात पडला की प्रचंड तापतो, उसळतो, आणि त्याचा एक थेंब डोळ्यात गेला तर दृष्टीला कायमची इजा होऊ शकते. वापरायचाच असेल तर पाकिटावर लिहिलंय तेवढाच, रबरी हातमोजे आणि चष्मा घालून, चेहरा जाळीवर न आणता वापरा. मुलं घरात फिरत असतील तर नकोच.

खरा धोका आहे तो एकानंतर दुसरं ओतण्याचा. पाइप पूर्ण तुंबलेला असतो तेव्हा आधी ओतलेलं काहीच पुढे गेलेलं नसतं, ते तिथेच साचून असतं. आधी अ‍ॅसिड ओतलं, भागलं नाही म्हणून वर कॉस्टिक ओतला, तर दोन्ही मिळून इतकी उष्णता तयार होते की मिश्रण तोंडावर उडू शकतं. त्याहून वाईट म्हणजे अ‍ॅसिड आणि ब्लीच. ब्लीच म्हणजे ब्लीचिंग पावडर किंवा कपडे पांढरे करायचं द्रावण. त्यावर अ‍ॅसिड पडलं की क्लोरीन वायू सुटतो. टॉयलेट साफ करायच्या अनेक लिक्विडमध्येही हायड्रोक्लोरिक आम्ल असतं, त्यामुळे ‘मी अ‍ॅसिड कुठे वापरलं?’ असं वाटू शकतं. क्लोरीन हवेपेक्षा जड असतो. छोट्या, दार लावलेल्या बाथरूममध्ये तो खालीच साठतो, नेमका जिथे आपण वाकून घासत असतो तिथे.

नाकात झोंबणारा तीव्र वास, डोळ्यांची आग, थांबत नसलेला खोकला यांपैकी काही जाणवलं तर साफसफाई तशीच सोडा आणि उघड्या हवेत जा. बाटली बंद करायला, पाणी ओतायला आत परत जाऊ नका. घरातल्या इतरांनाही बाहेर काढा. श्वास लागत असेल तर १०८ ला फोन करा. फुप्फुसांवरचा परिणाम कधीकधी काही तासांनी वाढतो, म्हणून ‘आता बरं वाटतंय’ म्हणून डॉक्टरकडे जायचं टाळू नये.

कडक अ‍ॅसिडच्या किरकोळ विक्रीवर सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये निर्बंध घातले. विक्रेत्याने नोंदवही ठेवायची, ओळखपत्र पाहायचं, १८ वर्षांखालच्यांना विकायचं नाही. अ‍ॅसिड हल्ल्यांच्या संदर्भातले हे आदेश होते. एवढ्या अटींखाली विकायची वस्तू आपण पायाखालच्या जाळीत सहज ओतून देतो.

मग करायचं काय?

हाताने काढायचं. ऐकायला नीरस आहे आणि त्याचं रील होत नाही, पण जड पाण्याच्या घरात हेच चालतं. साका विरघळत नाही, तो खरवडून उचलावा लागतो.

बाथरूमच्या जाळीखाली जो वाटीसारखा भाग असतो त्याला प्लंबर ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात. इंग्रजी पुस्तकांतून शिकणारे देशभरातले इंजिनिअरही तोच शब्द वापरतात, आपल्या न्हाणीघरातलाच तो. या ट्रॅपमध्ये कायम थोडं पाणी साठून राहतं. ते गटाराचा वास आणि झुरळं वर येऊ देत नाही. पण वळण असल्यामुळे गाळ पहिल्यांदा तिथेच बसतो. बहुतेक अडथळे याच वीतभर जागेत असतात, सगळ्या पाइपात नव्हे. जाळी काढा, आतली वाटी किंवा कप निघत असेल तर उचलून घ्या, हातमोजा घालून केसांचा गुंता बाहेर ओढा आणि कडेचा साका जुन्या चमच्याने किंवा ब्रशने खरवडा. निघालेला गाळ परत ड्रेनेजमध्ये ढकलू नका, कागदात गुंडाळून कचऱ्यात टाका. शेवटी बादलीभर गरम पाणी एका दमात ओता. उकळतं नको, कारण पीव्हीसीचे पाइप ८० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतात. हाताला चटका बसेल इतपत पुरे. त्यात भांड्याचं लिक्विड दोन चमचे घातलंत तर उरलेला तेलकट भाग सुटायला मदत होते. कप परत बसवायला विसरू नका, नाहीतर संध्याकाळी वास येईल आणि तुम्हाला वाटेल की अडथळा परत आला.

वॉशबेसिनखाली बाटलीच्या आकाराचा ट्रॅप असेल तर तो हातानेच फिरवून उघडतो. आधी खाली बादली ठेवा आणि मोबाइलवर फोटो काढा, म्हणजे वॉशर कुठला कुठे होता ते कळेल. लावताना पक्कड लावून आवळायची गरज नसते, प्लास्टिकचे आटे त्यानेच तुटतात.

एवढं करूनही पाणी उतरत नसेल तर रबरी पंप, ज्याला प्लंजर म्हणतात, तो वापरा. बेसिनला वर एक छोटं भोक असतं, त्यात ओलं फडकं कोंबल्याशिवाय पंपाला जोर येत नाही. बहुतेक लोक इथेच फसतात आणि पंपाला नावं ठेवतात. पुढची पायरी म्हणजे लवचीक तार. हार्डवेअरच्या दुकानात मिळते, ती फिरवत आत सरकवायची आणि गुंता घेऊन बाहेर ओढायची. ढकलायचं नाही, ओढायचं.

हे आठवड्याला एकदा केलं तर पाच मिनिटांचं काम आहे. महिन्याने केलं तर किळसवाणं आहे, आणि सहा महिन्यांनी केलं तर प्लंबरचं.

साका होऊच नये म्हणून

भांड्याचं लिक्विड, शॅम्पू, बॉडीवॉश आणि डिटर्जंट पावडर यांत पारंपरिक साबण नसतो किंवा अगदी कमी असतो. त्यातली रसायनं कॅल्शियमबरोबर असा चिकट साका करत नाहीत, म्हणूनच बाटलीच्या प्रयोगात ती चालत नाहीत. आंघोळीसाठी वडीऐवजी असं काही वापरलंत तर न्हाणीत जाणारा साका बराच कमी होतो. सगळ्यांना ते आवडेल असं नाही, वडीशिवाय आंघोळ झाल्यासारखी वाटत नाही असं म्हणणारे घरोघरी असतात. निदान कपड्यांसाठी साबणाची वडी असेल तर ती बदला, कारण तिचा खप जास्त.

भांड्याच्या वडीची गोष्ट थोडी वेगळी. तिच्यात साबण नसला तरी भरणा म्हणून खनिजाची भुकटी असते. ती विरघळत नाही, सिंकखालच्या पन्हाळ्यांच्या पाइपात गाळासारखी बसते. त्यात तळणाचं तेल, भाताची पेज आणि डाळीचा चिकटा मिसळला की झालंच. कढईतलं तेल सिंकमध्ये ओतण्याऐवजी जुन्या वर्तमानपत्राने पुसून घ्या, मग घासा. दिवाळीनंतर प्लंबर सापडत नाही यालाही कारण आहे. अभ्यंगस्नानाचं तेल, उटण्याची भुकटी आणि नवी साबणाची वडी हे तिन्ही एकाच सकाळी, घरातल्या सगळ्यांचं, एकाच जाळीतून जातं. उटणं लावा जरूर, पण जाळीवर एक जुनं मलमलीचं फडकं अंथरा.

आरओच्या टाकाऊ पाण्याचंही असंच. ते साठवून वापरणं चांगलं, पण त्यात क्षार नेहमीच्या पाण्याहून जास्त असतात. फ्लशला वापरा, साबण लावायच्या कामाला नको.

मुळावर घाव घालायचा तर सॉफ्टनर. त्याच्या टाकीत रेझिनचे बारीक मणी असतात. ते पाण्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. मणी भरले की मिठाच्या पाण्याने धुवावे लागतात, म्हणजे मिठाचा खर्च कायमचा. सॉफ्टनर बसवल्यावर अनेकजण टीडीएस मीटर लावतात आणि आकडा तेवढाच दिसला की फसवणूक झाली म्हणून ओरडतात. आकडा कमी व्हायचाच नसतो! एक क्षार जाऊन दुसरा येतो, त्यामुळे तो तेवढाच राहतो, कदाचित किंचित वाढतोही. बघायचा तो फेस. हे पाणी झाडांना रोज घालू नका, सोडियम मातीला मानवत नाही. एका फ्लॅटपेक्षा पूर्ण सोसायटीने बसवलं तर खर्च विभागला जातो.

पाइपवर बांधायच्या चुंबकांच्या जाहिराती तुमच्यापर्यंत पोचल्या असतील. ते टणक थराचं काय करतात यावर विक्रेते खूप बोलतात. ड्रेनेजपुरता प्रश्न साधा आहे: चुंबकामुळे पाण्यातलं कॅल्शियम कमी होतं का? नाही. मग साका तेवढाच होणार.

अडथळा तुमच्या घरात नसेल तर

एकच जाळी तुंबली असेल तर दोष तिच्या ट्रॅपमध्ये. पण फ्लश केल्यावर न्हाणीतून पाणी वर येत असेल, किंवा वरच्या मजल्यावर कुणी आंघोळ केली की तुमच्याकडे गुडगुड आवाज होत असेल, तर मुख्य पाइप किंवा खालचं चेंबर भरलंय. तिथे घरगुती उपाय करू नका. तळमजल्यावरच्यांना हे सर्वांत आधी कळतं आणि सोसायटीला सर्वांत शेवटी.

चेंबर किंवा सेप्टिक टँक साफ करायला कुणाला आत उतरवू नका. तिथे साठलेले वायू माणसाला काही क्षणांत बेशुद्ध करतात. संरक्षक साधनांशिवाय गटारात, सेप्टिक टँकमध्ये उतरवून सफाई करून घेणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि तो कायदा काम सांगणाऱ्यालाही लागू होतो. महापालिकेची किंवा खासगी जेटिंगची गाडी बोलवा.

आणि प्लंबर दारात आला की पत्ता आणि तक्रार सांगायच्या आधी एक गोष्ट सांगा: आत काय काय ओतलंय. अ‍ॅसिड, कॉस्टिक, ब्लीच, काहीही असेल तर नाव घेऊन, किती वेळापूर्वी ते सांगून. शक्य असेल तर बाटली दाखवा. ट्रॅप उघडताना त्याचा चेहरा त्या पाण्यापासून वीतभर अंतरावर असतो.